समांतरभुज उलटायचा असतो, हे सांगू नका

गोव्यातल्या वाळपईजवळच्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत मी चौथीला भूमितीची सुरुवात टॅनग्रॅमने करते, म्हणजे एका चौरसातून कापलेल्या सात तुकड्यांच्या कोड्याने. जुन्या कॅलेंडरची पानं आणि कातरी पुरते. मोजायचं काही नाही, सगळं घड्यांवर.

साधारण 20 सेंमीचा चौरस घ्या. कर्णावर घडी घालून कापा. एका त्रिकोणाचे मधोमध दोन केले की मोठे त्रिकोण झाले. दुसऱ्याचा काटकोनाचा कोपरा समोरच्या लांब बाजूच्या मध्यावर टेकवा आणि घडीवर कापा. मधला त्रिकोण सुटतो. उरलेल्या समलंबाचे दोन सारखे भाग करा. एका भागाचं टोक लांब बाजूवरच्या काटकोनावर आणलं की चौरस आणि लहान त्रिकोण मिळतात. दुसऱ्या भागात तोच काटकोन समोरच्या बोथट कोपऱ्यावर न्यायचा, म्हणजे दुसरा लहान त्रिकोण आणि समांतरभुज चौकोन. ही घडी हमखास चुकते, म्हणून ती मी मुलांसोबतच घालते.

पावसात कागद दमट होऊन वळतो. तुकडे वहीच्या जुन्या पुठ्ठ्यावर चिकटवा, पण छापील बाजू वर आणि मागची कोरी ठेवा. त्याचा उपयोग पुढे आहे.

आता सातही तुकडे मिसळून पुन्हा चौरस करायला द्या आणि गप्प बसा. हेच सगळ्यात कठीण. पंधरा-वीस मिनिटांनी कोपऱ्यातून आवाज येतो, "बाई, हें बसना!" सहा तुकडे बसलेले असतात, समांतरभुज तेवढा अडलेला. मुलं तो गरागरा फिरवत राहतात. मागच्या वर्षी एका मुलीने शेजारणीला सांगितलं, "उमथें कर गो," म्हणजे उलटं कर. कोरी बाजू वर आली आणि तुकडा अलगद बसला. बाकीचे सहा उलटले तरी तसेच दिसतात, हा दिसत नाही. हे मुलांनी स्वतः शोधलं तर विसरत नाहीत. आपण सांगितलं तर तासाभरात जातं.

मग क्षेत्रफळ. दोन लहान त्रिकोणांनी चौरस झाकायला सांगा, मग मधला त्रिकोण, मग समांतरभुज. तिरकस दिसणारा समांतरभुज चौरसाएवढाच आहे, हे मुलांना पटत नाही. ती पुन्हापुन्हा झाकून बघतात. बघू द्या. अख्ख्या चौरसात असे किती लहान त्रिकोण मावतील, हे शेवटी विचारा. उत्तर 16, पण घाई करू नका.

वरच्या वर्गांना आणखी एक काम देता येतं: सात तुकड्यांतून एकही कोपरा आत न वळलेल्या आकृत्या शोधणं. अशा नेमक्या 13 आहेत, हे 1942 साली वांग आणि श्युंग या दोन गणितज्ञांनी सिद्ध केलं. माझ्याकडच्या सातवीच्या मुलांना चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुट्टीआधी नऊ सापडल्या होत्या.