जळगावात बदलून आलात आणि नवं घर घ्यायचं ठरवलंत तर

मी संगमेश्वरकडचा. 2006 साली नोकरीसाठी जळगावला आलो, आठ वर्षं भाड्याच्या घरात काढली आणि 2014 मध्ये रिंग रोडच्या पलीकडे रो-हाऊस घेतलं. कोकणातून, साताऱ्याकडून कोणी इकडे बदलून आलं आणि जरा रुळलं की एक प्रश्न ठरलेला असतो: नव्या बांधकामात घर घ्यायचंय, दलाल धरू की थेट बिल्डरकडे जाऊ?

माझं उत्तर असं की घर दाखवायला दलाल चालेल, पण कागद वाचायला तो नको. बिल्डर तर नकोच.

परक्या गावात दलालाचा उपयोग आहे, तो मी नाकारणार नाही. कुठल्या कॉलनीत पावसात चिखलातून गाडी निघत नाही, कुठल्या ले-आऊटमधल्या मोकळ्या जागेवरून भांडण चालू आहे, हे त्याला ठाऊक असतं. मात्र नव्या बांधकामात त्याची टक्केवारी बहुतेक वेळा बिल्डर देतो, काही जण दोन्हीकडून घेतात. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा, तुमची दलाली कोण देणार आणि किती, आणि ते लिहून घ्या. दलाल नसला की ती रक्कम किमतीतून आपोआप कमी होते असं समजू नका. थेट गेलात तर तेवढी सूट तोंडाने मागावी लागते. महारेरात, म्हणजे रेरा या घरखरेदीच्या कायद्याखाली प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातलं घर विकून द्यायचं तर दलालाचीही तिथे नोंदणी हवी. त्याचा क्रमांक ‘ए’ने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. दोन्ही संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतात.

आता आपल्याकडची खरी अडचण. मुंबई-पुण्याचे नातेवाईक सांगतात, रेरा नंबर बघ आणि निर्धास्त राहा. पण जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल, किंवा घरं आठपेक्षा जास्त नसतील, तर रेराची नोंदणी लागत नाही. खान्देशात तर एकेका प्लॉटवर चार-सहा रो-हाऊस बांधणारेच खूप. म्हणजे जिथे तुम्ही घर बघणार, तिथेच हे कवच नसण्याचा संभव जास्त. अशा ठिकाणी स्वतःचा वकील लावा, आणि तो बिल्डरने सुचवलेला नसावा. बँकेचा वकीलही कागद बघतो, पण तो बँकेच्या कर्जासाठी.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जमिनीच्या मालकीचा जुन्या नोंदींतला शोध, करून घ्या. सातबारा, फेरफार, बिनशेतीचा आदेश, मंजूर नकाशा हे सगळं बघायला सांगा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसलं तर परवानगीशिवाय ती जमीन हस्तांतरित होत नाही, तिथेच थांबा. रो-हाऊस असेल तर उताऱ्यावर तुमचं नाव स्वतंत्र लागणार की सामाईक, हेही आधीच विचारा. आमच्या पाच घरांचा उतारा वेगळा करून घ्यायला तीन वर्षं हेलपाटे घातले. खरेदीच्या आधी एक प्रश्न विचारला असता तर ते वाचले असते.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, सुमारास घाई करणारे फोन येतील. मुहूर्त चांगला आहे, आज इसार देऊन टाका, कागद नंतर बघू. मुहूर्ताला मीही मान देतो, पण कागद वाचून झाल्याशिवाय इसार देऊ नका. रेरातल्या प्रकल्पात नोंदणीकृत साठेखताआधी (विक्रीच्या कराराआधी) किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. थोडी रक्कम रोखीत द्या असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नकार द्या. जागेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही, आणि कागदावर नसलेला पैसा पुढे परत मागायची सोय राहत नाही.

खर्चाचं थोडक्यात. बांधकाम चालू असताना घेतलं तर साधारण 5 टक्के जीएसटी, परवडणाऱ्या घरांना 1 टक्का. त्या सवलतीसाठी आपल्याकडे किंमत 45 लाखांच्या आत आणि चटई क्षेत्र 90 चौरस मीटरपर्यंत हवं. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर विकलेल्या घराला जीएसटी नाही. घर रंगवून तयार दिसतं म्हणजे दाखला मिळाला असं नव्हे, दाखला हातात घेऊन वाचा. नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000 रुपये. मुद्रांक शुल्क त्याशिवाय. घर बाईच्या नावावर घेतलं तर त्यात 1 टक्क्याची सवलत मिळते, तेव्हा घरात आधी हे बोलून घ्या.

कागदांइतकंच महत्त्व इथल्या जमिनीला आहे. आपण कोकणातली माणसं जांभ्यावर वाढलेली, काळी माती आपल्याला कळत नाही. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पडतात. पाया उथळ राहिला तर भिंती त्या हालचालीबरोबर तडकतात. आमच्या कंपाउंडला दुसऱ्याच उन्हाळ्यात तिरकी भेग गेली. शेजारचे आप्पा बघायला आले आणि त्यांनी एकच विचारलं, “पाया मुरूमले लागना का भाऊ?” ते मी खरेदीआधी कोणालाच विचारलं नव्हतं. तुम्ही विचारा, आणि शक्य असेल तर बांधकाम पायाच्या टप्प्यावर असतानाच स्वतःचा इंजिनिअर नेऊन दाखवा. त्याची फी दलालीपेक्षा खूप कमी असते.

घर बघायला मे महिन्यात, दुपारी तीनला जा. इथे पारा 45च्या वर जातो. वरच्या मजल्याच्या स्लॅबला खालून हात लावून बघा, पश्चिमेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसा. कूलर कुठल्या खिडकीला लागेल आणि त्याला पाणी कुठून मिळेल, हेही बघून ठेवा. जुन्या माणसांची धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं या उन्हात का गार राहायची, ते त्या दुपारी कळेल.

पाण्याचं बिल्डरला विचारू नका, दोन घरं सोडून राहणाऱ्या वहिनींना विचारा. शहराला वाघूर धरणातून पाणी येतं, पण तुमच्या गल्लीत ते कितव्या दिवशी आणि किती वाजता येतं, हे त्याच सांगतील. जमिनीखालची टाकी केवढी आणि बोअर उन्हाळ्यात टिकते का, हेही विचारा. बोअरचं पाणी तांब्याभर घेऊन साबण लावून बघा, जड पाण्याला फेस येत नाही.

ताबा घेताना प्रत्येक खोलीचे, गच्चीचे, बाथरूमच्या उतारांचे फोटो काढून ठेवा. रेरातल्या घराला ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तो कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तक्रार फोनवर करू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. रेराबाहेरचं घर असेल तर हीच अट साठेखतात वकिलाकडून घालून घ्या. सही व्हायच्या आधी बिल्डर ती मान्य करतो, नंतर करत नाही.