प्रसूतीची बॅग भरताना या चुका टाळा

बॅग भरते एक आणि ऐन वेळी उघडतो दुसराच. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. जिची प्रसूती आहे ती लेबर रूममध्ये असते, दारात सिस्टर बाळाचे कपडे मागते आणि नवरा किंवा भाऊ सगळी बॅग बाकड्यावर उलटी करून टोपडं शोधत बसतो. म्हणून एकाच मोठ्या बॅगेत सगळं कोंबू नका. बाळाचा पहिला जोड, म्हणजे झबलं, टोपडं, लंगोट, मोजे आणि दोन मऊ दुपटी, वेगळ्या पिशवीत घालून सगळ्यांत वर ठेवा. बरोबर येणाऱ्याला ती आधीच उघडून दाखवा. मे महिना असला तरी टोपडं हवंच. नुकतंच जन्मलेलं ओलं बाळ फार लवकर गार पडतं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये एसी चालू असतो.

कपडे भरले, फाइल राहिली

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तपासण्या पुण्यात झालेल्या, प्रसूती सांगलीला. तिथल्या डॉक्टरांनी तुम्हाला नऊ महिने पाहिलेलं नसतं, त्यांच्यासमोर फक्त कागद असतात. सगळे सोनोग्राफी रिपोर्ट, रक्तगट, हिमोग्लोबिन, एचआयव्ही, हेपॅटायटिस बी, साखर आणि थायरॉइडचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. माता-बाल संरक्षण कार्ड सगळ्यांत वर असू द्या. बीपीच्या किंवा थायरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या चिठ्ठीसकट घ्या.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर फाइलवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि दाखल होतानाच सांगा. बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर आईला 72 तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन (पुढच्या बाळाला रक्तगटामुळे त्रास होऊ नये म्हणून) द्यावं लागतं. आधी ते घेतलं असेल तर त्याची तारीखही लिहून ठेवा.

सरकारी दवाखान्यात जाणार असाल तर आधार आणि बाईच्या स्वतःच्या नावाचं पासबुक घ्या. जननी सुरक्षा योजनेचे, म्हणजे दवाखान्यात बाळंत होणाऱ्या पात्र बाईला सरकारकडून मिळणारे, पैसे तिच्याच खात्यात येतात. खातं माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल तर ते दुरुस्तीचं काम आधीच उरका, बाळंतिणीला बँकेत खेटे घालायला लावू नका. जन्मनोंदणीच्या फॉर्मवर आई-वडिलांची नावं आधारप्रमाणेच पडतील याकडे लक्ष द्या. बाळाचं नाव तेव्हा ठरलेलं नसलं तरी चालतं, ते नंतर घालता येतं.

नवे कोरे कपडे तसेच घालणं

जन्माआधी बाळासाठी नवी खरेदी करायची नाही, असं अनेक घरांत मानतात. मग बाळ झाल्यावर धावपळीत कोणीतरी दुकानातून कपडे आणतं आणि खळ असलेलं, न धुतलेलं झबलं बाळाच्या अंगावर चढतं. घरचा नियम पाळायचा असेल तर जरूर पाळा. आजीचं जुनं सुती लुगडं किंवा धोतर फाडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून ठेवा. तितकं मऊ कापड दुकानात मिळत नाही.

नको ते बरोबर नेणं

पावडर, काजळ, तेल, साबण घरीच ठेवा. पहिले 24 तास बाळाला अंघोळ घालत नाहीत आणि पावडर श्वासातून आत जाते. मध, गुटी, पाण्याची बाटली, दूध पावडरचा डबा यांतलं काहीही नको. पहिल्या तासात बाळाला आईचा चीक मिळायला हवा. हा डबा हाताशी असला की ‘बाळ रडतंय, थोडं वरचं पाजू या’ म्हणणारं कोणीतरी भेटतंच. वरचं दूध लागलंच तर डॉक्टर सांगतील.

सोनंही नको. सिझेरियनच्या आधी बांगड्या, मंगळसूत्र, अंगठ्या उतरवायला सांगतात. शेवटच्या महिन्यात बोटं सुजतात, म्हणून अंगठी आधीच काढलेली बरी. नेलपॉलिशही पुसून टाका, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याला त्याचा अडथळा होऊ शकतो.

आईसाठी पुढून उघडणारे सैल गाऊन, मोठे पॅड आणि न घसरणाऱ्या चपला घ्या. नाडीचे पंजाबी ड्रेस नकोत, नाडी नेमकी टाक्यांवर काचते. सोबतीच्या माणसासाठी चादर, चार्जर, राजगिऱ्याचे लाडू आणि थर्मास पुरे.

नववा सरत आला की भरू

37 आठवड्यांच्या आधीही प्रसूती होते. पस्तिसाव्या आठवड्यात बॅग दाराजवळ हवी. जुळी असतील किंवा बीपी वाढलेलं असेल तर त्याहून आधी. फाइलमधल्या मुख्य पानांचे फोटो आईच्या आणि नवऱ्याच्या, दोघांच्या फोनमध्ये ठेवा.

आणि अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर बॅग आवरत थांबू नका. रुग्णवाहिकेसाठी 102 किंवा 108 ला फोन करा आणि निघा. बॅग मागून कोणीही आणून देईल.