बोटीचं इनबोर्ड (बोटीच्या आतच बसवलेलं) इंजिन रेस घेत नाही, मध्येच बंद पडतं? आधी पाना खाली ठेवा

इंजिन बंद पडलं की आपला हात आधी कार्ब्युरेटरकडे नाहीतर इंजेक्टरकडे जातो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ते कधी बंद पडतं तेवढं नीट बघा. थंड असताना की तासभर चालल्यावर, न्यूट्रलला की गिअर टाकल्या टाकल्या, गचके खात गुदमरत की स्विच मारल्यासारखं खटकन. हे सगळं कागदावर लिहून ठेवा, कारण दोन फिल्टर बदलून झाल्यावर आधी नेमकं काय होत होतं ते कुणालाच आठवत नाही.

खटकन गेलं तर बहुतेक वेळा वायरिंग, इग्निशन, डिझेलला स्टॉप सोलेनॉइड (इंजिन बंद करणारा विजेवरचा भाग). गुदमरत गेलं तर इंधन नाहीतर हवा. नेहमीच असं होईल असं नाही, पण शोधायला सुरुवात इथूनच करायची.

पेट्रोल इंजिन असेल तर स्टार्टर मारायच्या आधी ब्लोअर (इंजिनाच्या जागेतली हवा बाहेर फेकणारा) किमान 4 मिनिटं चालवा आणि बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, स्वतः वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचून बसते. यात आळस नको.

आता थ्रॉटल, म्हणजे रेस कमी-जास्त करायची यंत्रणा. इंजिन बंद ठेवून केबलचं इंजिनाकडचं टोक सोडा आणि इंजिनावरचा थ्रॉटल आर्म हाताने हलवून बघा. तो मोकळा फिरतोय, सोडला की परत येतोय, पण केबल जड लागतेय, तर दुखणं केबलचं आहे. आत गंज धरलाय किंवा कुठेतरी फार तीव्र वळण दिलंय. वरून तेल सोडून चार दिवस बरं वाटेल, मग तेच, त्यामुळे सरळ बदलून टाका. केबल परत जोडली की एकाने वर लिव्हर ढकलायचा आणि दुसऱ्याने खाली बघायचं, आर्म फुल रेसच्या स्टॉपला टेकतो का आणि मागे घेतल्यावर आयडलच्या (रेस न देताच्या चालीच्या) स्क्रूवर बसतो का. बऱ्याचदा फुल रेस म्हणजे पाऊणच असते आणि आपण उगाच पंपाला दोष देत बसतो. डिझेलवाल्यांनी अजून एक बघा, ओढून बंद करायची स्टॉप केबल पूर्ण आत गेलीय ना? अर्धवट राहिली तर इंधन कापलं जातं, इंजिन चालतं पण दम धरत नाही.

गिअर टाकला की बंद पडतं? आयडल बघा. बऱ्याच इंजिनांना 600 ते 800 आरपीएम लागतो, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल, आणि तो इंजिन गरम झाल्यावरच सेट करायचा. आयडल बरोबर असून तेच होत असेल तर इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, न्यूट्रलमध्ये पंख्याचा (प्रोपेलरचा) शाफ्ट हाताने फिरवून बघा. जड लागला तर पंख्यात दोरी किंवा जाळं अडकलेलं असू शकतं. आयडल वाढवून हे झाकू नका, प्रत्येक वेळी गिअरबॉक्सला दणका बसतो.

इंधनाकडे मात्र जरा वेळ द्या, कारण बंद पडण्याची बरीचशी दुखणी इथलीच. मी एकदा दोन दिवस कार्ब्युरेटर उघडत-लावत बसलो होतो, साफ करून लावलं की अर्धा तास मस्त आणि मग परत गुदमरायचं, शेवटी वैतागून टाकीचं झाकण उघडलं तर सुस्स करून हवा आत गेली. टाकीच्या व्हेंटमध्ये (हवा आत यायच्या भोकात) कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं! म्हणून पहिली टेस्ट फुकटची, बंद पडायला लागलं की झाकण सैल करून बघा, सुधारलं तर व्हेंट. त्यानंतर वॉटर सेपरेटरमधलं (इंधनातलं पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधलं) इंधन काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवा, पाणी खाली बसतं. डिझेलमध्ये काळपट चिकट गाळ दिसला तर टाकीत जंतू वाढलेत, नुसता फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी साफ करावी लागेल. पेट्रोलच्या टाकीवर बऱ्याचदा अँटी-सायफन व्हॉल्व्ह (पाइप तुटला तरी पेट्रोल आपोआप वाहू न देणारा) असतो, तोही चिकटतो. आणि सगळ्यात खात्रीची टेस्ट म्हणजे छोट्या वेगळ्या टाकीतून, चांगल्या पाइपने, ताजं इंधन देऊन इंजिन चालवायचं. नीट चाललं तर दोष टाकीपासून त्या जोडापर्यंत, नाहीतर पुढे.

डिझेलने एअर घेतली असेल तर फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हँड पंप मारत रहा, बुडबुडे थांबले की आवळा. एअर परत परत येत असेल तर टाकी ते पंप या ओढणाऱ्या बाजूचा एखादा जोड ढिला आहे, तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून डोळ्याला दिसत नाही. आणि स्टार्टर बराच वेळ मारावा लागला तर इंजिन थंड करायला आत येणाऱ्या समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर पाणी मफलरमध्ये भरून सिलिंडरपर्यंत जाऊ शकतं. इंजिन लागताक्षणी उघडा, विसरलात तर इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र) गेला.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू, असं पेट्रोल इंजिन करत असेल तर इग्निशन कॉइलवर संशय घ्या, बंद पडल्या पडल्या स्पार्क आहे का ते बघा, पण आधी ब्लोअर चालवून वास नाही याची खात्री करून. कॉइल, डिस्ट्रिब्युटर, कार्ब्युरेटर यातलं काहीही गाडीचं लावू नका, स्वस्त पडलं तरी. मरीन पार्ट ठिणगी आणि पेट्रोल बाहेर पडू नये असे बनवलेले असतात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाण्यात लोडवर (गिअर टाकून) चालवून बघा, न्यूट्रलची रेस काहीच सांगत नाही. फुल थ्रॉटलला आरपीएम मॅन्युअलच्या आकड्यापर्यंत जात नाही आणि डिझेल काळा धूर सोडतंय, तर एअर फिल्टर, टर्बो आणि पंख्याचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) बघा. तळाला शेवाळ आणि शिंपले धरलेत का तेही बघून घ्या, त्यानेही इंजिन असंच दमतं.