मिशनकार्याचे पाचारण ओळखताना या चुका टाळा

तीन दिवसांच्या ख्रिस्ती शिबिराच्या शेवटच्या रात्री, गाणी संपत आलेली असताना, ‘आपले आयुष्य मिशनकार्याला कोण वाहील?’ असा प्रश्न होतो आणि पाहता पाहता अनेक हात वर जातात. अशा एका रात्री माझाही हात वर होता. रविवारी नाशिकला परतलो, सोमवारी कामावर गेलो आणि गुरुवारपर्यंत त्या रात्रीची ऊब ओसरली, तेव्हा पाचारणच, म्हणजे देवाचे बोलावणेच, खोटे होते असे मी ठरवून टाकले. आज वाटते की मी दोनदा चुकलो. आधी त्या उबेलाच पाचारण समजलो आणि मग ऊब गेली म्हणजे पाचारणही गेले, असे मानले.

येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात या दोन्ही चुकांवर बोट ठेवले आहे. मन कोरडे व उदास असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असा त्यांचा नियम आहे, आणि मन उत्साहाने भरून आले असताना घाईने वचन देऊ नये, असेही ते बजावतात. म्हणून शिबिराहून आल्यावर वहीत तारीख घालून आपल्याला काय जाणवले ते लिहावे आणि राजीनामा मात्र लिहू नये. सहा महिन्यांनी, कोरड्या दिवसांतही, तीच ओढ टिकून असेल तर पुढचे बोलणे करावे.

एकट्याने ठरवणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. ‘मला देवाने सांगितले’ असे म्हटले की समोरच्याला बोलायला जागाच उरत नाही, आणि बोलणाऱ्याला नेमके तेच हवे असते. बायबलमधील प्रेषित पौलाचे उदाहरण बहुतेक जण दिमिष्काच्या वाटेवर त्याला झालेल्या येशूच्या दर्शनापाशी थांबवतात. त्या दर्शनानंतर तीन वर्षांनी तो यरुशलेमेस गेला, पुढे तार्सला राहिला, तेथून बर्णबा या सहकाऱ्याने त्याला शोधून आणले आणि अंत्युखियाच्या मंडळीत त्याने वर्षभर शिकवले. त्यानंतर, प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात, त्याच मंडळीने उपास व प्रार्थना करून, हात ठेवून पौल व बर्णबा या दोघांना रवाना केले. सोळाव्या अध्यायातील एक बारकावा तर मला फार मोलाचा वाटतो: मासेदोनियाच्या माणसाचे दर्शन एकट्या पौलाला होते, परंतु देवाने तिकडे बोलावले आहे हा निष्कर्ष ‘आम्ही’ काढला, असे लिहिले आहे.

त्यामुळे पाळकांकडे केवळ शिफारसपत्र मागायला जाऊ नये. आपल्याला ओळखणाऱ्या दोन-तीन वडीलधाऱ्यांना, त्यांत आपल्यावर फारसे खूश नसलेले एक जण असलेले बरे, सरळ विचारावे की माझ्या हातून कोणाचा विश्वास वाढलेला तुम्ही पाहिला आहे का. उत्तर द्यायला ते अडखळले, तर त्या अडखळण्याचेही मोल आहे.

घरच्यांना शेवटी सांगणे

मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये छापणारे विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालात आले, तेव्हा त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी आधी नकार दिला होता आणि ऐनवेळी त्या निघाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा लहान मुलगा पीटर वारला, डोरोथींचे मन ढळले आणि १८०७ मध्ये त्या वारल्या. केरींचे काम थोर होते, हे मान्य करूनही हा हिशेब झाकू नये. आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये एकट्याने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई, त्यानंतर काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. पाचारण एकाला झाले तरी बिऱ्हाड दोघांचे हलते. आई-वडिलांना, पत्नीला किंवा पतीला पहिल्या महिन्यातच सांगावे. त्यांचा नकार हा ‘सैतानाचा अडथळा’ आहे असे लगेच म्हणू नये, कारण पुष्कळदा त्यांना आपल्या कर्जाची आणि रागाची आपल्यापेक्षा जास्त माहिती असते.

याच्याच जोडीला एक प्रश्न स्वतःला विचारावा: मी कशाकडे जातो आहे की कशापासून पळतो आहे? सातपूरच्या कारखान्यातली नोकरी सुटली, परीक्षा बुडाली, लग्न मोडले, की मिशनकार्य अचानक मोहक वाटू लागते. आधी ते दुखणे निस्तरावे.

चिन्हे मागत राहणे

बायबलमधील गिदोनाने देवाकडे चिन्ह मागत लोकर पसरली ती आज्ञा मिळाल्यावर, शंका आली म्हणून. दरवर्षी नवी लोकर पसरणारा माणूस सावध दिसतो, पण बहुधा तो निर्णय टाळत असतो.

दूर गेल्यावरच मिशनरी होता येते असे समजणे

नाशिकच्या शरणपूर रोडवरून आपण रोज जातो. तेथील वसाहत चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात उभारली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांनी तेथे अक्षरांबरोबर सुतारकी-लोहारकीही शिकली. त्यांपैकी विल्यम जोन्स १८६४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील मोम्बासाकडे गेले. धर्मसेवेची दीक्षा त्यांना १८८५ मध्ये मिळाली. मधली एकवीस वर्षे हाताने काम करण्याची आणि शिकवण्याची होती. हे ज्यांना कंटाळवाणे वाटते त्यांनी आत्ताच थांबावे, असे मी थोड्या कठोरपणे म्हणेन.

परदेशाचा अर्ज भरण्याआधी एखाद्या अनुभवी सेवकाबरोबर पेठ किंवा सुरगाणा तालुक्यात वर्षभर, महिन्यातून दोन शनिवार, जाऊन पाहावे. तेथे अनेक घरांत कोकणा बोली बोलतात. पुस्तकी मराठीतला आपला संदेश समोरच्या आजीला कळत नाही, तेव्हा आपण तिच्यापाशी बसून तिची भाषा शिकू लागतो की शेवटची एसटी किती वाजता आहे ते विचारतो, हे वहीत त्याच तारखांच्या खाली लिहावे आणि वर्षाअखेरीस ती वही पाळकांच्या हातात द्यावी.