जुनी जर्मन टर्बो स्पोर्ट्‌स कार घेताना आणि सांभाळताना : बेळगाव सीमाभागातील हौशी मंडळींसाठी

जुन्या टर्बो गाडीची ओढ नेमकी कशात आहे, हे आधी नीट समजून घ्यावे, म्हणजे पुढचे निर्णय सोपे जातात. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक लहान चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते, आणि हवा जास्त मिळाल्यामुळे पेट्रोलही जास्त जाळता येते. जुन्या बनावटीत हे चक्र वेग धरायला वेळ घेत असे. १९७५ साली विक्रीला आलेल्या पोर्शे ९११ टर्बोला जाणकार ‘९३०’ म्हणतात. तिच्या तीन लिटरच्या इंजिनाची ताकद २६० अश्वशक्ती होती, आणि १९७८ पासून ३.३ लिटरचे इंजिन व दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर आल्यावर ती ३०० झाली. ही गाडी इंजिनाच्या मिनिटाला साधारण तीन-साडेतीन हजार फेऱ्यांपर्यंत निमूट चालते आणि मग पाठीत एकदम रेटा बसतो. तो केव्हा येणार याचा अंदाज बांधून पाय थोडा आधी दाबावा लागतो. नव्या टर्बो गाड्यांत ही प्रतीक्षा जवळजवळ उरलेली नाही, आणि माझ्या मते जुन्या गाडीचे खरे सुख त्या प्रतीक्षेतच आहे.

तरीही आपल्या भागात राहणाऱ्याने पहिली गाडी म्हणून ९३० घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असते, त्यामुळे वळणात मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर फेकली जाते. पावसाळ्यातल्या चोर्ला घाटात ही चूक सावरायला जागा मिळत नाही. त्यापेक्षा पोर्शेचीच ९४४ टर्बो पाहावी. १९८५ साली आलेली ही गाडी अडीच लिटरची आणि २२० अश्वशक्तीची आहे. तिचे इंजिन पुढे व गिअरबॉक्स मागे असल्यामुळे वजन दोन्हीकडे सारखे वाटले जाते आणि गाडी चालकाला सांभाळून घेते.

यंत्राआधी कागद पाहावेत. तीन वर्षांहून जुनी गाडी परदेशातून सर्वसाधारणपणे आणता येत नाही, म्हणून भारतात पूर्वीच नोंदलेली गाडीच शोधावी लागते, आणि ती बहुधा दुसऱ्या राज्यातली निघते. आपल्याकडे कोल्हापूरची एमएच-०९, बेळगावची केए-२२ आणि चिक्कोडीची केए-२३ या पाट्या एकाच रस्त्यावर रोज दिसतात, त्यामुळे ‘पासिंग नंतर बघू’ असे म्हणण्याची सवय लागते. पण गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ कर्नाटकात ठेवायची असेल, तर मूळ आरटीओची एनओसी आणून येथे नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि येथील रोड टॅक्स भरावा लागतो. शिवाय पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ते झाले आहे का, हे आरसीवर पाहावे. आरसीवरचा चासी क्रमांक आणि पत्र्यावर ठोकलेला क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी जुळवावा, आणि एका आकड्याचाही फरक आढळला तर सौदा सोडून द्यावा.

गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे विक्रेत्याला कळवावे. थंड इंजिन सुरू करताना थोडा निळसर धूर आला आणि लगेच गेला, तर ९३० च्या बाबतीत घाबरू नये, कारण तिचे सिलिंडर आडवे असल्यामुळे उभ्या गाडीत थोडे ऑइल आत उतरते. इंजिन तापल्यावरही धूर चालू राहिला तर मात्र टर्बोचे सील किंवा व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यात वरखाली सरकतो ती नळी) गेलेले असू शकतात. ९३० चे ऑइल मोजताना जमीन सपाट हवी, इंजिन पूर्ण तापलेले हवे आणि ते चालूच हवे. बंद इंजिनात काडी घालून ‘ऑइल कमी आहे’ म्हणत वर आणखी ओतणारे मिस्त्री मी पाहिले आहेत. ९४४ मध्ये टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा रबरी पट्टा, शेवटचा कधी बदलला, याचे बिल मागावे. गाडी फारशी चालली नसली तरी रबर वयाने थकते, आणि बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. बिल नसेल, तर तो आणि त्याच्याशेजारचा बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) बेल्टही बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत.

दुरुस्तीच्या बाबतीत आपला भाग नशीबवान आहे. बेळगावच्या उद्यमबागेत आणि कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य घालवलेले कारागीर आहेत. जुना बुश, स्टड किंवा पाइप नमुना दाखवला की ते नेमक्या मापाचा करून देतात. टर्बोचा फिरता दांडा मात्र त्यांच्याकडे देऊ नये. तो मिनिटाला एक लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि त्याचा समतोल खास यंत्रावरच साधावा लागतो.

पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असते, आणि जुन्या रबरी नळ्या त्याने फुगतात व चिरतात, म्हणून गाडी घरी आल्यावर पहिल्या महिन्यातच सगळ्या नळ्या नव्या घालाव्यात. खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांनी पावसाळ्यात गाडी चार महिने झाकून ठेवू नये. उघडीप मिळेल तेव्हा इंजिन पूर्ण तापेल इतकी ती चालवावी, म्हणजे आतली ओल निघून जाते आणि उंदीरही वायरिंगमध्ये घर करत नाहीत. घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, कारण तापलेल्या टर्बोत अडकलेले ऑइल जळून त्याचा कोळसा होतो. एक-दोन मिनिटे ते तसेच चालू ठेवावे. ९४४ मध्ये चावी काढल्यावरही पुढून बारीक गुंजारव ऐकू येत राहतो. टर्बोभोवती पाणी फिरवणारा तो विजेचा छोटा पंप असतो, आणि त्याचा आवाज थांबेपर्यंत बॅटरीच्या वायरला हात लावू नये.