संकेतस्थळ हळू उघडत असल्यास बँडविड्थ कशी तपासावी

संकेतस्थळ उशिरा उघडू लागले की अनेकजण लगेच जास्त एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला जास्त मेगाबिट डेटा आणणारा (अधिक बँडविड्थचा) प्लॅन घेतात. परंतु वेळ नेमका कुठे जातो हे पाहिल्याशिवाय हा खर्च करू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये, तर फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये सांगितला जातो आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे ४ मेगाबाइटचे पान ४ एमबीपीएसवर उतरायला किमान ८ सेकंद लागतात, तर ४० एमबीपीएसवर ०.८ सेकंद. वेग ४०० एमबीपीएस केला तरी यापुढे पाऊण सेकंदही वाचत नाही. शिवाय ब्राउझर आणि सर्व्हर (संकेतस्थळ जिथे ठेवलेले असते तो संगणक) यांच्यातील फेऱ्यांचा वेळ, म्हणजे लेटन्सी, बँडविड्थ वाढवून घटत नाही. टीसीपी जोडणी (दोघांमधला संपर्क जुळवणे) आणि टीएलएस सुरक्षा (संपर्क कूटबद्ध करणे) यांत प्रत्येकी किमान एक फेरी जाते. त्यानंतरही सर्व्हर पहिल्या खेपेस साधारण १४ किलोबाइटच पाठवतो आणि पोच मिळेल तसतसे प्रमाण वाढवतो. सर्व्हर अमेरिकेत असेल, तर मुंबईहून एकेका फेरीला सुमारे २०० मिलिसेकंद लागतात.

तपासणीसाठी संगणकावर क्रोममध्ये एफ१२ दाबून ‘नेटवर्क’ विभाग उघडावा, ‘डिसेबल कॅशे’वर खूण करावी (म्हणजे आधी साठवलेल्या प्रती वापरल्या जात नाहीत) आणि पान रिफ्रेश करावे. यादीतील एखाद्या फाइलवर क्लिक करून ‘टायमिंग’ पाहावे. ‘कंटेंट डाउनलोड’चा आकडा मोठा असेल, तर बँडविड्थ अपुरी आहे किंवा फाइल जड आहे; ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’चा आकडा मोठा असेल, तर सर्व्हर दूर किंवा मंद आहे आणि प्लॅन बदलून काहीही साधणार नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्याने त्याच विभागातल्या थ्रॉटलिंगमध्ये (वेग मुद्दाम कमी करण्याच्या पर्यायात) ‘स्लो ४जी’ निवडून तेच पान पुन्हा उघडून पाहायलाच हवे, कारण एसटीत बसून मोबाइलवर वाचणाऱ्याकडे कार्यालयातले फायबर नसते.

फाइल जड निघाल्यास आधी छायाचित्रांकडे वळावे. कॅमेऱ्यातून थेट चढवलेले ४००० पिक्सेल रुंदीचे छायाचित्र ८०० पिक्सेलच्या जागेत दाखवणे म्हणजे वाचकाचा डेटा वाया घालवणे आहे. ते लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या स्वरूपात ठेवावे. यूटीएफ-८मध्ये (वेबवर अक्षरे साठवण्याच्या प्रचलित पद्धतीत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, पण सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली हे दाबून लहान करण्याचे तंत्र चालू असेल तर मजकूर चांगलाच आकसतो. जोडाक्षरांच्या असंख्य आकारांमुळे देवनागरी फाँट मात्र जड होतो, म्हणून तो वूफ२ या वेबसाठीच्या आटोपशीर फाँट स्वरूपात आणि लागतील तेवढ्याच जाडींमध्ये ठेवावा. सर्व्हर दूर असल्यास भारतात केंद्रे असलेली सीडीएन सेवा (वाचकाजवळच्या सर्व्हरवरून फाइली पुरवणारी) जोडावी आणि तीच तपासणी पुन्हा करून आकडे ताडून पाहावेत.