संघटनेकडून काम करून घ्यायचं असेल तर: नव्या ओटींसाठी (ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी)

"मॅडम, संघटना आपल्यासाठी करते तरी काय?" इंटर्नशिप संपवून आलेली बहुतेक मुलं मला हे विचारतात, आणि विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी सभासद फीसुद्धा भरलेली नसते. प्रश्न मात्र खोटा नाही. पगार कमी आहे, जाहिरातीत आपलं पदच नसतं, डॉक्टर आपल्याला 'एक्सरसाइजवाली' म्हणतात, मग ही मंडळी बसलीत कशाला?

मी ओटी, म्हणजे दुखण्यानंतर रोजची कामं माणसाला पुन्हा जमावीत म्हणून उपचार करणारी. इचलकरंजीत हाताच्या दुखापतींवर काम करते. यंत्रमागात बोट गेलेला कामगार, रसवंतीच्या चरकात हात अडकलेला पोरगा, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवून आलेला शिंपी, अशी माझी ओपीडी. ओटींच्या संघटनेच्या कामातही बरीच वर्षं आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे: तुम्ही जेवढा नीट कागद हातात द्याल, तेवढंच संघटना पुढे ढकलू शकते. फोनवर रडलात तर सांत्वन मिळेल. कागद दिलात तर पत्र जाईल. तो कागद कसा करायचा, ते इथे सांगते.

आधी दार कुठलं ते ठरवा

आपल्याकडे चार दारं आहेत आणि लोक हमखास चुकीचं वाजवतात.

पहिलं, राज्याची परिषद. २००२ च्या अधिनियमाने महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी यांची मिळून एक राज्य परिषद आहे. नोंदणी तिच्याकडे. कुणी पदवी नसताना 'ओटी सेंटर'ची पाटी लावून बसला असेल, किंवा एखाद्या नोंदणीकृत थेरपिस्टने रुग्णाशी गैरवर्तन केलं असेल, तर तक्रार इथे. परिषद रुग्णाच्या बाजूने उभी असते, तुमच्या नाही. हे आधी पचवा.

दुसरं, राष्ट्रीय आयोग. २०२१ च्या कायद्याने सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी तो आला. त्याच्या परिशिष्टात फिजिओथेरपी वेगळी आणि ऑक्युपेशनल थेरपी वेगळी आहे. ही ओळ पाठ करून ठेवा, कारण 'फिजिओ घेतला की ओटीचं काम भागतं' असं म्हणणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला तीच दाखवायची आहे. याच कायद्यात 'आरोग्यसेवा व्यावसायिक' होण्यासाठी किमान ३६०० तासांची पदवी धरली आहे. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र घेऊन थेरपी करणाऱ्यांबद्दल लिहिताना हा आकडा फार उपयोगी पडतो.

तिसरं, भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय. हे दार आपलं नाहीच. विशेष शिक्षक, श्रवण-वाचा तज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, कृत्रिम अवयव बनवणारे तिथे नोंदणी करतात. ओटी त्या यादीत नाही. तरी निम्म्या भानगडी याच दारापाशी होतात. त्यावर पुढे येते.

चौथं दार संघटनेचं. अखिल भारतीय ऑक्युपेशनल थेरपिस्ट संघटना १९५२ ची. तिच्याकडे कायद्याचा दंडुका नाही. ती कुणाची नोंदणी रद्द करू शकत नाही, कुणाला पगार देववू शकत नाही. ती पत्र लिहू शकते, शिष्टमंडळ नेऊ शकते, अभ्यासक्रमांची तपासणी करते, नियतकालिक काढते, ओटीकॉन हे वार्षिक अधिवेशन भरवते, आणि ओटींच्या जागतिक महासंघात भारताच्या वतीने बसते. मालकाने तीन महिने पगार थकवला असेल तर कामगार आयुक्तांकडे जा. संघटना फार तर तुम्हाला वकील सुचवेल.

सभासद कसं आणि केव्हा व्हायचं

पदवी हातात पडली की लगेच. परदेशात जायचं असेल तर अधिकच लवकर. जागतिक महासंघाचं वैयक्तिक सभासदत्व राष्ट्रीय संघटनेमार्फतच मिळतं. तुमचं कॉलेज महासंघमान्य आहे का, हे तर प्रवेश घेण्याआधी बघायचं होतं, पण आता तरी बघा. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियाचे अर्ज भरताना पहिल्या पानावरच ते विचारतात. महासंघाची अट किमान १००० तास क्लिनिकल कामाची आहे, म्हणून लॉगबुक टाकून देऊ नका. कॉलेज सोडल्यावर तासांचा दाखला मागायला गेलेली मुलं मी पाहिली आहेत. विभागप्रमुख बदललेल्या असतात, कपाट बदललेलं असतं, आणि क्लार्क जेवायला गेलेला असतो.

हा महासंघ आपल्याला बाहेरून येऊन चिकटलेला नाही. १९५० साली मुंबईत केईएम रुग्णालयात ओटीची शाळा सुरू झाली ती कमला निंबकरांमुळे. बाई मूळच्या अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. दोन वर्षांत त्यांनी देशाची संघटना उभी केली आणि त्याच वर्षी महासंघ स्थापणाऱ्या दहा देशांत भारत बसला. तेव्हा आपल्याकडे ओटी मोजायला दोन हात पुरले असते. आज परळ, सायन, नायर, हाजीअली, नागपूर इथल्या कॉलेजांतून शिकलेली मुलं जगभर अर्ज करतात, त्याची मुळं तिथे आहेत.

कागद: एक उदाहरण घेऊनच

सगळ्यात जास्त येणारी तक्रार घेऊ. एका विशेष शाळेची जाहिरात: 'ऑक्युपेशनल थेरपिस्ट, एक पद, आरसीआय नोंदणी आवश्यक.' म्हणजे पद आपलं आणि अट अशी, जी आपल्यातलं कुणीच पुरी करू शकत नाही. मग ती जागा रिकामी राहते किंवा भलत्याच माणसाने भरली जाते.

आता व्हॉट्सॲप ग्रुपवर 'हे काय चाललंय' असं टाकून काही होत नाही. जाहिरातीचं पूर्ण पान ठेवा, तारखेसकट. कापलेला फोटो नको. संकेतस्थळावर असेल तर त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या, कारण दुरुस्ती गुपचूप होते आणि मग 'अशी अट नव्हतीच' म्हणतात. तुम्ही अर्ज केला असेल आणि नाकारला असेल तर नकार लेखी मागा. तोंडी नाकारला तर त्याच संध्याकाळी त्यांना ईमेल करा: आज अमुक वाजता आपल्या कार्यालयात मला असं सांगण्यात आलं. उत्तर नाही आलं तरी तो ईमेल पुरावा होतो.

मग संघटनेच्या शाखेच्या सचिवांना लिहा. दोन परिच्छेद पुरे. वर तुमचा सभासद क्रमांक आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक, खाली जोडपत्रं. शिवाय पुढे जाणाऱ्या पत्राचा मसुदाही तुम्हीच करून द्या. पदाधिकारी ओपीडी संपवून रात्री बसून ही कामं करतात, बिनपगारी. मसुदा तयार असेल तर पत्र या आठवड्यात जातं, नसेल तर पुढच्या बैठकीत 'विषय चर्चेला' जातो. मसुदा असा:

"विषय: ऑक्युपेशनल थेरपिस्ट पदासाठीची नोंदणीची अट दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ: आपली दि. … ची जाहिरात, पद क्र. …
महोदय,
उपरोक्त जाहिरातीत सदर पदासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मागितली आहे. त्या परिषदेच्या नोंदवहीत ऑक्युपेशनल थेरपी या व्यवसायाचा समावेश नसल्याने कोणताही पात्र उमेदवार ही अट पूर्ण करू शकत नाही. महाराष्ट्रात या व्यवसायाची नोंदणी २००२ च्या अधिनियमान्वये स्थापन झालेल्या राज्य परिषदेकडे होते. तरी शुद्धिपत्रक काढून अट दुरुस्त करावी व अर्जाची मुदत वाढवावी, ही विनंती."

यात रडगाणं नाही, 'आमच्यावर घोर अन्याय' नाही. वाचणाऱ्या बाबूला काय करायचं ते सांगितलं आहे: शुद्धिपत्रक आणि मुदतवाढ. मागणी नसलेलं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. प्रत पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाला लावा, कारण विशेष शाळांचा कारभार तिकडे आहे. पोस्टाने पाठवाल तर स्पीड पोस्टने. हाताने द्याल तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

महिना झाला, उत्तर नाही? मग माहितीचा अधिकार. इथे बहुतेकांना माहीत नसलेली एक गंमत आहे: हा अधिकार नागरिकाला आहे, संघटनेला नाही. संघटनेच्या लेटरहेडवर केलेला अर्ज परत येऊ शकतो, म्हणून तो एखाद्या सभासदाने स्वतःच्या नावाने करायचा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 'ही अट का घातली?' असं विचारू नका. 'का'ला उत्तर देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. 'या पदाची शैक्षणिक अर्हता ठरवणारा शासन निर्णय व मंजूर टिप्पणी यांची प्रत द्यावी' असं मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. पुष्कळदा असं कळतं की तसा शासन निर्णयच नाही, कुणीतरी जुन्या जाहिरातीतला मजकूर उतरवला होता. ते उत्तर संघटनेच्या हाती द्या. मग बघा पत्राचा सूर कसा बदलतो.

आकडे कुठून आणायचे

धोरण बदलायचं म्हटलं की अधिकारी विचारतो, 'तुमच्याने फरक काय पडतो?' आणि आपण म्हणतो, 'पेशंट खूप खूश असतो.' संपलं. अशा शिष्टमंडळात बसणं म्हणजे बिनदाण्याच्या जात्यावर दळण दळणं.

रोजच्या नोंदी नीट ठेवा. अर्धांगवायूच्या रुग्णाचा बार्थेल निर्देशांक पहिल्या दिवशी घ्या आणि सोडताना घ्या. दहा बाबी, १०० गुण, दहा मिनिटांचं काम. बाथरूमला जाता येणं, कपडे घालणं, जिना चढणं हे त्यात असल्याने आमदारालाही कळतं. रुग्णाला स्वतःला काय करायचं आहे, त्यासाठी सीओपीएम नावाची मोजपट्टी आहे. माझ्याकडे बायका हटकून 'भाकरी थापायची आहे' म्हणतात. ते तसंच लिहायचं, 'अपर लिंब फंक्शन' लिहून त्याची माती करायची नाही. दहापैकी किती जमतं आणि किती समाधान आहे, ते रुग्णच सांगतो. दोन गुणांचा फरक पडला तर तो महत्त्वाचा मानतात.

माझ्या भागातलं सांगते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्क्यांनी गेली, असं धरलेलं होतं. किती अवयव गेला, याचा तो हिशेब. पण अंगठा जागेवर असून त्याला संवेदनाच नसेल तर? मागावर धागा तुटला की दोन बोटांच्या चिमटीत धरून गाठ मारावी लागते, धोट्यातली कांडी झटक्यात बदलावी लागते. तपासणाऱ्या डॉक्टरला हात अख्खा दिसतो. मालकालाही दिसतो. तो हात काय करू शकत नाही, हे लिहून देणारा माणूस ओटी आहे: चिमटीची ताकद किती किलो, नाइन-होल पेग टेस्टला (नऊ भोकांत खुंट्या बसवण्याच्या चाचणीला) डाव्या हाताला किती सेकंद आणि उजव्याला किती, मागावरची कोणती चार कामं जमत नाहीत. असे वीस रिपोर्ट, नावं काढून आणि रुग्णांची लेखी संमती घेऊन शाखेकडे गेले, तर 'अपंगत्व ठरवताना ओटीचं मूल्यमापन जोडावं' या मागणीला पाय फुटतात. माझ्या एकटीच्या एका रिपोर्टला कोण विचारतो? म्हणूनच शाखेतल्या सगळ्यांनी एकच फॉर्म वापरायचा. प्रत्येकाने आपापली शैली दाखवली की बेरीज होत नाही.

विम्याचंही तसंच. कंपनीने ओटीचं बिल कापलं तर रुग्णाला कारण लेखी मागायला सांगा, आणि तुमच्या रिपोर्टमध्ये 'थेरपी दिली' एवढंच न लिहिता कशासाठी, किती सत्रं आणि काय बदललं ते लिहा. कंपनी बधली नाही तर नकारानंतर वर्षभरात विमा लोकपालाकडे जाता येतं. तक्रार रुग्णाची, आधाराचं पत्र शाखेचं. मानसिक आजाराच्या रुग्णासाठी २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २१ जोडा: शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला.

सत्तावीस ऑक्टोबर

जागतिक ओटी दिन. केक कापून फोटो टाकायचा असेल तर टाका, माझी ना नाही. पण त्या दिवशी एखादा अस्थिरोगतज्ज्ञ, कामगार विमा दवाखान्यातला एखादा अधिकारी आणि एखादी आशाताई यांना तासभर विभागात आणलंत तर वर्षभर रेफरल येतात. त्यांच्यासमोर स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, करून दाखवा. गरम पाण्यात प्लास्टिकची चादर मऊ होते आणि बघता बघता हातावर बसते, हे बघायला सर्जनसुद्धा थांबतात. भाषण ठेवू नका.

फी वेळेवर भरा, पावती जपा, आणि पत्ता किंवा ईमेल बदलला की कळवा. संघटनेच्या निवडणुकीत मत द्यायचं तर सभासदत्व चालू लागतं, आणि यादीत नाव नाही हे निवडणुकीच्या आठवड्यात कळून उपयोग नसतो. उभं राहायचं असेल तर आधी एखाद्या उपसमितीत वर्षभर इतिवृत्त लिहा. ते काम कुणालाच नको असतं, त्यामुळे लगेच मिळतं, आणि कुठला विषय कुठे अडकतो हे त्यातूनच समजतं.